आजीच्या घराचा हिशोब

घरकुलाचा हप्ता जमा झाला की आपल्या गटात एकच बोलणं निघतं: सिमेंट, वाळू, सळई आणि टेम्पोचं भाडं. हप्त्यातले बरेच पैसे वाहतुकीतच जातात. मग आपल्या आजीने घर कसं बांधलं?

महाड-पोलादपूरच्या डोंगरात जुन्या घराचं जोतं काळ्या दगडाचं. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचा लेप. छपराला आधी पेंढा, मग कौलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौलं कोकणभर पोचली. म्हणजे बाहेरचा माल तेव्हाही यायचा, पण थोडाच. बाकी घर गावातच तयार व्हायचं. मजुरीला सावड होती: आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. माती तुडवणं, कूड लिंपणं, जमीन सारवणं बायांकडे. अर्धं घर आपल्या हातचं, घरपट्टीवर नाव मात्र घरधन्याचं.

१९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा त्यांची अट हीच होती: घर जवळच्या मालाचं, गावच्या कारागिरांनी बांधलेलं आणि खर्च ५०० रुपयांच्या आत.

पण जुनं ते सगळंच चांगलं, असं आम्ही म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडची घरं गावच्याच दगडामातीची होती. जाड भिंतींना सांधणारा पट्टा नव्हता, वर मातीचं जड धाबं. झोपेतच माणसं गाडली गेली. आणि आपल्याकडे? २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, ८० हून अधिक जीव गेले. डोंगरच खाली आला, तिथे भिंत कुडाची की सिमेंटची, याला अर्थ उरला नाही.

म्हणून आधी जागा पाहा. उतारावर भेगा दिसल्या, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथे थांबू नका, ग्रामपंचायतीला कळवा. मग माल. जोत्याला गावचा दगड, आतल्या आडभिंतीला कूड चालतो. पण कारवी तोडण्याआधी वनखात्याला विचारा. जुनी कौलं फेकू नका, उतरवून मोजून ठेवा. मुख्य भिंतींना पट्टा हवाच; तिथे काटकसर नको, अभियंत्याला विचारा. आणि गटात सावड पुन्हा सुरू करा.

शेवटचं: घरकुल बाईच्या किंवा नवराबायको दोघांच्या नावावर होऊ शकतं. आजीने घर लिंपलं, पण कागदावर तिचं नाव आलं नाही. आपलं येऊ द्या.