मरणोत्तर पदवीची कुळकथा

कोल्हापूरच्या सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, इतिहासात एक नेमणूक अशी आहे की ती झाली, पण डॉक्टर रुजूच झाल्या नाहीत. तेव्हा त्याचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांना नेमलं होतं. फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजने त्यांना ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. दिली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाई गेल्या. वय एकवीस.

त्यांची प्रकृती अमेरिकेतच ढासळली होती. पदवीदानाच्या महिनाभर आधी त्या गेल्या असत्या तर? प्रबंध आणि परीक्षा झालेल्या असूनही त्या काळच्या समजुतीप्रमाणे बहुधा पदवी मिळाली नसती. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पदवीचं मूळच तसं आहे.

बोलोन्या, पॅरिस या मध्ययुगीन विद्यापीठांत पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना. ज्याला शिकवायचं आहे त्याने समोर यायचं, शपथ घ्यायची आणि गुरुजनांच्या मंडळात दाखल व्हायचं. मेलेल्या माणसाला परवाना देऊन काय करायचं? आनंदीबाईंची एम.डी. हीसुद्धा रोग्याला हात लावण्याची परवानगीच होती. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली ती लंडनच्या नमुन्यावर. परीक्षा घेणं आणि पदव्या देणं एवढंच त्यांचं मुख्य काम. दीक्षान्ताचा विधीही विलायतेतून आला. कुलपती पदवीधराला बजावणार, की पुढच्या आयुष्यात या पदवीला शोभेलसं वाग. हे सांगायला समोर पुढचं आयुष्य असलेला माणूस लागतो. गैरहजेरीत पदवी द्यायची सोय झाली, पण गैरहजर म्हणजे गावी असलेला, गेलेला नव्हे.

हळूहळू पदवीचा अर्थ सरकला. परवाना मागे पडला, आणि पदवी म्हणजे केलेल्या अभ्यासाची पावती झाली. परवाना भविष्याचा असतो, पावती भूतकाळाची. मरणोत्तर पदवीचा जन्म या सरकण्यात आहे, असं मला वाटतं. सरकारी सन्मानांतही हेच झालेलं दिसतं. १९५४ साली भारतरत्न सुरू झालं तेव्हा ते मरणोत्तर देण्याची तरतूदच नव्हती. १९५५ मध्ये नियम बदलला आणि १९६६ साली लालबहादूर शास्त्रींना पहिलं मरणोत्तर भारतरत्न मिळालं. मानद पदवीचं तर सोपंच. तिथे परीक्षा नाही, हजेरी नाही. तरी तिथेही वेळ साधावी लागते. आपल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांना पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली १९५९ साली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते वारले.

खरी कसोटी कमावलेल्या पदवीची. बंगालच्या क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार आणि बीना दास यांच्या पदव्या इंग्रज सरकारच्या काळात अडवल्या गेल्या. बीना दासांनी तर ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभातच गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या होत्या. प्रीतिलतांनी त्याच वर्षी चितगावजवळ पहाडतलीच्या युरोपियन क्लबवर हल्ला करून विष घेतलं. दोघींच्या पदव्या विद्यापीठाने दिल्या २०१२ साली. एडिंबरा विद्यापीठाने १८६९ मध्ये वैद्यक शिकायला आलेल्या सात स्त्रियांना पदवी नाकारली होती. त्यांना ती मानद म्हणून दिली २०१९ मध्ये, दीडशे वर्षांनी.  

या झाल्या इतिहासाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या पदव्या. त्यांत संस्था स्वतःचीही अब्रू राखून घेते. माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे तो शेवटच्या सत्रात अपघातात किंवा आजारात गेलेला साधा विद्यार्थी. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत यासाठी लेखी नियम आहेत: ठरावीक अभ्यास पुरा झालेला असेल तर पदवी, कमी असेल तर नुसतं सन्मानपत्र. पीएच.डी.चा पेच आणखी अवघड. प्रबंध दाखल झाला, परीक्षकांचे अहवाल चांगले आले, आणि उमेदवार गेला. तोंडी परीक्षा कोणाची घ्यायची?

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने वाट नकळत सोपी केली आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा. मध्येच शिक्षण सोडणाऱ्याला जे मिळतं, ते मध्येच गेलेल्याला का मिळू नये? ज्या विद्यापीठांच्या नियमावलीत असं कलम नसेल, त्यांनी ते शांतपणे, कोणी जाण्याआधी, लिहून ठेवावं. शोकात बुडालेल्या आईबापांना त्यासाठी अर्ज घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहायला लावू नये.