दुपारची मालिका कानांनी पाहतात

दुपारच्या मालिकेचा खर्च आवळायचं ठरलं की कात्री सगळ्यांत आधी लेखकांवर चालते. संवादलेखक आणि पटकथाकार एकच करा, कथेचा मागोवा ठेवणारा सहायक काढून टाका, भागामागचा दर उतरवा. यामागे जे मत आहे ते आता निर्मात्यांपुरतं राहिलेलं नाही. वाहिन्यांत काम करणारे ते बोलतात, आणि मालिकांना नाकं मुरडणारे सुशिक्षितही बोलतात. मत असं: दुपारी बघतं कोण? घरकाम उरकता उरकता एखादी बाई बघते, तेही अर्धवट. तिला बारकावे कशाला हवेत? संध्याकाळी लिहिणारे तिघे लागत असतील, दुपारी एक पुरे. पूर्वी नाही का एकट्याने लिहायचे?

हे मत पोकळ नाही. त्याच्या बाजूने वजनदार दाखले आहेत आणि खंडनाआधी ते मांडणं भाग आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हमलोग’ मनोहर श्याम जोशींनी लिहिली आणि देशभरच्या घरांना वेड लावलं. पुढे ‘बुनियाद’ही त्यांचीच. ‘महाभारत’चे ९४ भाग राही मासूम रझा यांच्या लेखणीतून उतरले. अमेरिकेत इर्ना फिलिप्स या बाईंनी १९३०च्या दशकात रेडिओवर दुपारच्या कौटुंबिक मालिकांचा प्रकारच रुजवला. त्या खोलीत येरझाऱ्या घालत पात्रांच्या आवाजात संवाद सांगायच्या, सेक्रेटरी लिहून घ्यायची, आणि एकाच वेळी अनेक मालिका चालायच्या. अगदी अलीकडचा दाखलाही याच बाजूचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकन लेखकांनी जवळजवळ पाच महिने संप केला. लेखकांच्या खोलीत किमान किती माणसं हवीत, ही त्यातली एक मुख्य मागणी होती. ती मान्य झाली, पण एका सवलतीसह: संपूर्ण मालिका एकच लेखक लिहीत असेल तर त्याच्यावर आणखी माणसं लादायची नाहीत. म्हणजे लेखकांच्या संघटनेनेही एकहाती लेखनाचा मान राखला.

पूर्वपक्ष इथवर ठीक आहे. आता दाखल्यांच्या आत डोकावू. ‘हमलोग’ साधारण दीड वर्ष चालली आणि तिचे भाग दीडशेच्या आसपास झाले, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन. ‘महाभारत’ तर दर रविवारी एकदाच लागायचं, आणि त्याची कथा व्यासांनी आधीच लिहून ठेवलेली होती. अमेरिकेतल्या ज्या एकहाती मालिकांसाठी ती सवलत ठेवली, त्यांचा एक हंगाम म्हणजे बहुधा आठ-दहा भाग. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेचा हिशेब वेगळा आहे. अर्ध्या तासातल्या जाहिराती वजा केल्या की उरतात साधारण २२ मिनिटं. आठवड्याला सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं. दर आठवड्याला एक पूर्ण लांबीचा चित्रपट, वर्षाला पन्नासहून जास्त, आणि मधूनच वाहिनीने जाहीर केलेला महाएपिसोड. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिने तीन हजार भाग ओलांडले. हा भार मनोहर श्याम जोशींच्या अंगावर कधी पडलाच नव्हता.

इर्ना फिलिप्सचा दाखला तर उलटा पडतो. त्यांचे भाग पंधरा मिनिटांचे, तेही केवळ आवाजाचे. तरी काम वाढलं तेव्हा त्यांनी संवादांसाठी माणसं ठेवली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी त्यांच्याकडे संवाद लिहायला लागली. तीच पुढे ‘ऑल माय चिल्ड्रन’ उभी करणारी ॲग्नेस निक्सन. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ पत्नीसह निर्माण करणारे विल्यम बेलही फिलिप्सच्याच हाताखाली तयार झाले. जिच्या नावाने एकटेपणाचं समर्थन होतं, त्या बाईचं टेबल ही पुढच्या पिढीची शाळा होती. लेखक कापले की आजचा भाग कसाबसा निभतो, पण पाच वर्षांनंतरची मालिका लिहिणारं माणूस घडत नाही. हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नसल्याने तो कुणाला टोचतही नाही.

पण माझा मुख्य आक्षेप संख्येवर नाही. ‘ती अर्धवट बघते, म्हणून लेखन पातळ चालेल’ हे जे अनुमान आहे, तेच मुळात चुकलेलं आहे.

रिसोड तालुक्यातलं केनवड घ्या. वाशिम जिल्ह्यातलं, सोयाबीन-तुरीवर जगणारं गाव. शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुपारची प्रेक्षक म्हणून पलंगावर लोळणारी रिकामटेकडी गृहिणी असते. हंगामात अशा गावात दुपारी दीड वाजता धडधाकट बाया घरी सापडत नाहीत. आषाढ-श्रावणात त्या निंदणाला असतात, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनच्या सोंगणीला. घरी असतात त्या म्हाताऱ्या सासवा, बाळंतिणी, शिलाई मशीन घेऊन बसलेल्या पोरी. उन्हाळ्यात मात्र सगळ्याच असतात, कारण पापड-कुरडयांचं वाळवण असतं आणि डाळी करायच्या असतात. यांतली कुणीही पडद्याकडे टक लावून बसलेली नसते. हात पाटावर, डोळे सुईवर किंवा सुपातल्या खड्यांवर. मालिका पोचते ती कानांतून.

जी बाई मान वर करून बघत नाही, तिच्यापर्यंत काय जातं? नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी जात नाही. तीन वेळा तीन बाजूंनी दाखवलेला धक्क्याचा चेहरा जात नाही. भरजरी शालू, दिवाणखान्यातलं झुंबर, काही जात नाही. जातो फक्त शब्द: कोण कुणाला काय बोललं आणि काय बोलता बोलता थांबलं. संध्याकाळी सगळं घर पडद्यासमोर बसलेलं असताना एखादा मुका प्रसंग चेहऱ्यांवर निभावून नेता येतो. दुपारी नेता येत नाही. लेखक कमी झाले की मालिका भरायची कशाने, तर नेमकी न बोलणाऱ्या गोष्टींनी: लांबवलेले क्लोजअप, ढणाढणा पार्श्वसंगीत, कालच्या भागातले तुकडे. ‘काहून रडते तेवढं तं सांग ना बाई’ असं सूप पाखडता पाखडता कुणी म्हणालं, तर ती तक्रार अभिनयाविषयीची नसते. तो सीन लिहिलाच गेलेला नसतो. म्हणून संध्याकाळपेक्षा दुपारीच लेखन जास्त दाट हवं, असं माझं म्हणणं आहे. हा प्रकार रेडिओवर जन्मला आणि साबण कंपन्यांनी तो घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पोसला, हे विसरल्यामुळे आपण त्याला दुय्यम सिनेमा समजून बसलो आहोत.

मराठीत आता दुपारचा काळ काही थट्टेचा विषय राहिलेला नाही. स्टार प्रवाहने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘मुरांबा’ दुपारी दीडला आणली, जानेवारी २०२३ मध्ये ‘शुभविवाह’ दोनला. झी मराठीनेही त्याच वर्षी ‘यशोदा’ आणि ‘लवंगी मिरची’ दुपारी लावून पाहिल्या, आणि त्या वर्षभरसुद्धा टिकल्या नाहीत. मैदानात उतरायची इच्छा दोघांनाही आहे, खर्चाची तयारी मात्र दुय्यम वेळेची.

‘पण गावातल्या प्रेक्षकाला फरक कळतो का?’ हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, मनात मात्र सगळ्यांच्या असतो. त्याचं उत्तर टीआरपीच्या इतिहासातच आहे. ऑक्टोबर २०१५ पर्यंत केनवडसारखी गावं आकड्यांत धरलीच जात नव्हती. मोजणी शहरांपुरती होती. प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ग्रामीण घरांचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत मराठी पडद्यावर काय आलं ते आठवा. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’, त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’, २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’. एकातून दुसरं निघालं हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही, पण हा योगायोग मानायला मी तयार नाही. या मालिका ज्यांनी लिहिल्या त्यांच्याकडेही बघा. ‘रात्रीस खेळ चाले’ची मालवणी प्रल्हाद कुडतरकरांची, जे त्यात पांडू होऊन दिसलेही. ‘लागिरं’ लिहिणारे तेजपाल वाघ साताऱ्याकडच्या मातीतले. गाव मोजलं गेलं तेव्हा गावची बोली जाणणारा लेखक लागला, आणि त्याच्यामुळे मालिका चालली.

आमच्या वऱ्हाडाच्या वाट्याला काय आलं, ही वेगळी कथा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची होती आणि तिच्या बोलण्याने साडेचार वर्षं घरं धरून ठेवली. ते सोडलं तर वऱ्हाडी बहुतेक वेळा विनोदासाठी येते. ‘चला हवा येऊ द्या’त भारत गणेशपुरे ती उत्तम बोलत, पण प्रसंग हसण्याचा. वऱ्हाडीत रडणारी, भांडणारी, जमिनीचा हिस्सा मागणारी सून लिहायची तर ते कान असलेलं माणूस टेबलाशी हवं. एकट्या लेखकाकडे रोजचे २२ मिनिटांचे संवाद असतील तर तो आपल्या सवयीची पुणे-मुंबईची भाषा लिहील आणि हेल नटीवर सोपवेल. त्याला दोष देता येणार नाही.

आणखी एक युक्तिवाद अलीकडे जोरात आहे. कथा आता दुसऱ्या भाषेतून तयार मिळते. मग लेखक कशाला? ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमयी’वरून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. खरं आहे. पण ‘आई कुठे काय करते’मध्ये पटकथा नमिता वर्तक आणि संवाद मुग्धा गोडबोले अशी दोन टेबलं होती, आणि नायिका अरुंधतीची जी वाक्यं बायका एकमेकींना ऐकवत होत्या ती काही कोलकात्याहून आलेली नव्हती. सांगाडा विकत मिळतो. सासूला कुठल्या क्षणी ‘आई’ म्हणायचं आणि कुठल्या क्षणी काहीच म्हणायचं नाही, हे दर भागात इथे बसूनच ठरवावं लागतं.

एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हाचं आठवतं? काही मालिका गोव्याला गेल्या, काही सिल्वासाला, आणि मे महिन्यात गोव्यानेही दार लावलं. अख्खं कुटुंब अचानक रिसॉर्टवर का राहतंय, आजोबा दिसत का नाहीत, या सगळ्याची कारणं दोन-तीन दिवसांत कथेत बसवावी लागली. सेट तिथे निरुपयोगी होता, उभा केलेला बंगला निरुपयोगी होता. मालिका वाहून नेली ती लिहिणाऱ्यांनी. त्या प्रसंगानंतरही लेखकांना ‘कापता येण्याजोगा खर्च’ या रकान्यात टाकणारा हिशेबनीस मला समजत नाही.

कपातीने मालिका वाचतात, हेही जरा तपासू. अमेरिकेतली ‘गाइडिंग लाइट’ ही मालिका रेडिओवर १९३७ मध्ये सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली. २००८ मध्ये तिने खर्चासाठी स्टुडिओतली जुनी पद्धत सोडली. हातात धरायचे डिजिटल कॅमेरे आणले, न्यू जर्सीतल्या एका गावात खऱ्या घरांतून चित्रण केलं. सप्टेंबर २००९ मध्ये ती बंद झाली. कपात नसती तर ती आणखी चालली असती, असा दावा मी करणार नाही. अमेरिकेतल्या दुपारच्या प्रेक्षक बायका नोकऱ्यांवर गेल्या होत्या आणि त्याला लेखक काय करणार? पण कपात म्हणजे औषध, हे तिच्यावरून तरी ठरत नाही.

एक गोष्ट कबूल करतो. टेबलाशी माणसं वाढवली की मालिका सुधारते, असं नाही. हिंदीत लेखकांच्या फौजा बाळगणाऱ्या मालिकांत मेलेली माणसं चेहरे बदलून परत आली आहेत. शिवाय मराठीत गर्दी आहेच, फक्त ती श्रेयनामावलीत लेखक म्हणून दिसत नाही: वाहिनीचे कार्यकारी निर्माते, त्यांचे वरिष्ठ, आकडे बघून गुरुवारी कथा वळवा म्हणणारे. लिहिणारे घटले, लिहिलेलं बदलून मागणारे घटले नाहीत. एकटा लेखक या सगळ्यांची मर्जी राखण्यात दिवस घालवतो आणि रात्री सीन लिहितो. त्याचा मोबदला महिन्यांनी हातात पडतो. मानाचि लेखक संघटनेसारख्या संस्था निघाल्या त्या काही हौसेखातर नाहीत.

तेव्हा मागणी फौजेची नाही. दुपारच्या मालिकेला तिघे हवेत: कथा पुढे नेणारा एक, संवादाचे दोन. त्या दोघांतला एक, मालिका ज्या मुलखात घडते तिथली बोली कानांत असलेला. ‘पैसे कुठून आणायचे?’ असं विचारणाऱ्याने एकदा सेटवर सकाळी नऊला जाऊन बसावं. कलाकार रंगरंगोटी करून तयार, दिवे लागलेले, कॅमेरामन चहाच्या तिसऱ्या कपावर, आणि सहायक दिग्दर्शक फोनवर विचारतोय, सीन कधी येतोय. एकट्या लेखकाने रात्री दोनपर्यंत आदला भाग संपवलेला असतो. आजचा सीन अकराला येतो. बारा तासांच्या शिफ्टमधले ते दोन तास पन्नास-साठ माणसांचे असतात, सेटच्या भाड्याचे असतात, विजेचे असतात, आणि ते महिन्यातून एकदा नव्हे, आठवड्यातून अनेकदा जातात. ते हिशेबात ‘लेखन’ म्हणून लिहिले जात नाहीत, एवढंच.