घसरत्या चाकाचा जमाखर्च

चाकाचा शोध कोणी लावला ते इतिहासाला ठाऊक नाही, हे एका परीने बरेच झाले. नाहीतर त्याचा पुतळा कुठल्या चौकात बसवायचा यावरून गावात दोन तट पडले असते. पण चाक नुसते जागच्या जागीही फिरू शकते, हा शोध मात्र ज्याचा त्यालाच लावावा लागतो, आणि तो बहुधा पावसाळ्यात लागतो. गाडी चिखलात रुतलेली असते. चालवणारा ॲक्सिलरेटर दाबत असतो. चाक भिंगरीसारखे गरगरत असते, गाडी सरकारी फायलीसारखी जागची हलत नसते, आणि मागून ढकलणाऱ्या परोपकारी गृहस्थाच्या इस्त्रीच्या लेंग्यावर चिखलाची नक्षी उमटत असते.

मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम. मोटारीशी माझा संबंध वाहन-कर्जाच्या अर्जापुरता. त्या अर्जांना जोडलेल्या कोटेशनमध्ये 'ट्रॅक्शन कंट्रोल' हे शब्द इतक्या वेळा भेटू लागले, की हे प्रकरण आहे तरी काय ते पाहावे म्हणून मी खोलात शिरलो. आत निघाला तो चक्क जमाखर्च! चार खाती, रोजची तेरीज, ऑडिट, आणि शेवटी मेमोसुद्धा.

ही कथा फ्रान्सात सुरू होते. ओनेसिफोर पेकर नावाच्या मूळच्या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी 'डिफरन्शियल'चे पेटंट घेतले. शाळेत लेझमीची रांग वळताना तुम्ही पाहिली असेल. आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि कडेच्या मुलाला धापा टाकत धावावे लागते. मोटारीच्या चाकांचेही तसेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटायचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली तर एक तरी फरफटणार. पेकरसाहेबांनी मध्ये दातेरी चक्रांची अशी जुळणी बसवली की दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरता यावे, पण इंजिनाचा जोर मात्र दोघांना सारखाच मिळावा.

या 'सारखाच' शब्दात सगळी गोम आहे. कल्पना करा, दोन भाऊ जेवायला बसले आहेत आणि आईचा नियम असा, की दोघांना अगदी सारखेच वाढायचे. एकाचे पोट बिघडले आणि त्याने चमचाभर आमटीवर हात आडवा धरला, की दुसऱ्या सशक्त भावालाही चमचाभरच! डिफरन्शियल ही तशी आई आहे. चिखलातल्या चाकाला पकड नाही, म्हणून त्याला जोर घेता येत नाही. ते नुसते गरगरते. आणि त्याने घेतला नाही म्हणून कोरड्या खडीवरच्या धडधाकट चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य. न्याय झाला, गाडी मात्र राहिली चिखलात.

या न्यायावर शंभर वर्षे माणसे कुरकुरत होती. १९३० च्या दशकात ऑटो युनियन कंपनीसाठी फर्डिनांड पोर्शे यांनी शर्यतीची गाडी केली. तिच्यात जोर इतका, की ताशी १६० किलोमीटरच्या वेगातही मागचे एक चाक घसरे. तेव्हा झेडएफ या जर्मन कंपनीकडून वेगळे डिफरन्शियल करून घेण्यात आले. एक चाक फारच उधळू लागले तर ते त्याला दुसऱ्याशी थोडे बांधून ठेवी. पण हा लोखंडी उपाय. लोखंडाला बांधता येते, विचार करता येत नाही.

विचार करणारी पेटी आणली ती अमेरिकेतल्या ब्यूइक कंपनीने, १९७१ मध्ये. नाव 'मॅक्सट्रॅक'. पुढच्या, म्हणजे नुसत्या मागे लागून येणाऱ्या चाकाचा वेग आणि इंजिनाने फिरवलेल्या मागच्या चाकांचा वेग ती ताडून पाही. मागची चाके फारच पुढे पळताना दिसली, की ती क्षणभर इंजिनाची ठिणगीच तोडी. आमच्या व्यवसायात याला 'ओव्हरड्राफ्ट नामंजूर' म्हणतात.

मात्र खरा पाया घातला गेला तो ब्रेकच्या खात्यात. १९५० च्या दशकात विमानांची चाके धावपट्टीवर जखडून घसरू नयेत म्हणून डनलॉप कंपनीचे 'मॅक्सारेट' नावाचे यंत्र वापरात आले. १९६६ च्या जेन्सन एफएफ या इंग्रजी मोटारीतही ते बसवले गेले. मग १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आली. तिच्यात चाकांचे वेग मोजणारे सेन्सर होते, ब्रेकचे तेल आवरणाऱ्या झडपा होत्या, पंप होता आणि हिशेब करणारी पेटी होती. ब्रेक दाबल्यावर चाक जखडू लागले तर त्याचा ब्रेक क्षणभर ढिला करायचा, एवढेच तिचे काम.

आता कुठल्याही मॅनेजराच्या डोक्यात जे येईल तेच तिथल्या इंजिनियरांच्या डोक्यात आले. एवढा स्टाफ आहे, तो ब्रेक दाबला जाईपर्यंत बसून काय करतो? त्याला आणखी एक काउंटर द्या! १९८६ पर्यंत बॉशची ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा विक्रीच्या मोटारीत आली. नवी भरती फारशी नाही, बव्हंशी त्याच माणसांकडे जादा काम. एबीएस चालकाने दाबलेला ब्रेक सोडते. ट्रॅक्शन कंट्रोल चालकाने न दाबलेला ब्रेक लावते.

ब्रेक लावून गाडी पुढे कशी जाईल, असे तुम्ही विचाराल. मीही हाच प्रश्न एका मेस्त्रींना विचारला होता. उत्तर त्या आईच्या नियमातच आहे. प्रत्येक चाकाजवळ चाळीस-पन्नास दात्यांची एक कडी फिरते आणि शेजारचा सेन्सर सरकणारे दाते मोजतो. चारही चाकांचे आकडे सेकंदात कितीतरी वेळा पेटीकडे जातात. एखादे चाक उधळले, की पेटी आधी इंजिनाचा जोर कमी करते आणि त्या चाकाला हलकेच ब्रेक लावते. ब्रेकशी झगडायला त्या चाकाला जोर लागतो. म्हणजे पोट बिघडलेल्या भावाला खोटी भूक लागते! आईला वाटते, याने दोन पोळ्या घेतल्या. मग नियमाप्रमाणे ती दुसऱ्यालाही दोन वाढते. धडधाकट चाकाला जोर मिळतो आणि गाडी बाहेर येते. सगळी घसरण मात्र पेटी थांबवत नाही. टायरला पुढे ढकलायला थोडे घसरावेच लागते. साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास पकड सर्वांत चांगली असते. व्यवहाराचे नियम सगळीकडे सारखेच.

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी एक गोष्ट घोकून घेतात: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. दोन्ही बाजूंना सारखीच चूक झाली तर बेरजा गुण्यागोविंदाने जुळतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हेच होते. चारी चाके एकदम सारखी घसरली तर चारी आकडे जुळतात आणि गाडी मात्र हललेली नसते. म्हणून अशा गाड्यांत गाडीचा खरा वेगबदल मोजणारा आणखी एक सेन्सर ठेवतात. तो ऑडिटर. चाकांच्या वहीवर विश्वास न ठेवता तो स्वतः तिजोरी मोजतो.

फॉर्म्युला वन शर्यतींत तर या पेटीने पोलिसांची झोप उडवली. १९९४ मध्ये तिथे ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली. त्याच वर्षी बेनेटन संघाच्या गाडीची तपासणी झाली, तेव्हा सुरुवातीची झेप आपोआप साधणारा एक कार्यक्रम तिच्या संगणकात सापडला. पडद्यावरच्या यादीत पर्याय दहाच दिसत; खालच्या रिकाम्या जागेत उतरत गेले की न दिसणारा 'तेरावा पर्याय' लागे. तो शर्यतीत वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. पण बंदी पाळली जाते की नाही हे तपासणेच इतके कठीण होऊन बसले, की २००१ मध्ये ती उठवण्यात आली! पुढे २००८ मध्ये सगळ्यांना एकच ठरावीक पेटी सक्तीची केली आणि मग पुन्हा बंदी घातली. लेजर एकाच छापखान्यातून आल्याशिवाय गुप्त पाने थांबत नाहीत.

आता प्रश्न असा, की या पेटीचेच काही चुकले तर? इथे इतिहासाने माझ्या टेबलावरच्याच वस्तूला हात घातला. १९८० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एक सॉकेट असे. त्याची ठरावीक दोन छिद्रे कागदाच्या साध्या क्लिपने जोडायची, की इंजिनाचा दिवा डोळे मिचकावून बोलू लागे. एकदा, थांबून दोनदा; म्हणजे १२: 'मी शुद्धीवर आहे.' पुढे इतर आकडे येत. पुढे १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना सोळा पिनांचे एकसारखे सॉकेट आणि एक अक्षर, चार आकडे असे ठरावीक कोड आले. इंजिनाचे कोड 'पी'ने सुरू होतात, ब्रेक आणि चाकांकडचे 'सी'ने.

पेटी रोज स्वतःचीही परीक्षा घेते. किल्ली फिरवली की दिवे लागतात आणि काही क्षणांत विझतात. ही हजेरी. मग गाडी चालताना ती आकडे ताडत राहते. तीन चाके ताशी चाळीस म्हणतात आणि चौथे म्हणते शून्य. गाडी तर सरळ चालली आहे. तेव्हा चौथ्याची साक्ष खोटी. ती कोड नोंदवते, दिवा लावते आणि मग एक फार मोठी गोष्ट करते: स्वतःहून बाजूला होते. आपल्या माहितीवर आपलाच भरवसा नसताना कोणाचा ब्रेक दाबायचा नाही! साधा ब्रेक तुमच्या पायाखाली असतोच. म्हणून घसरणाऱ्या गाडीचा दिवा उघडझाप करत असेल तर साहेब कामात आहेत असे समजावे, आणि तुम्ही बटण दाबून यंत्रणा बंद केलेली नसताना तो एकसारखा जळत राहिला तर साहेब रजेवर आहेत असे समजावे.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीचा दिवा असाच लागला. गॅरेजातल्या पोराने यंत्र जोडले, कोड आला सी००३५. डावे पुढचे चाक. "सेन्सर गेलाय साहेब, बदलून टाकू." बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. तेव्हा म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिले. बेअरिंग ढिले होते. कडी डुगडुगत होती, म्हणून मोजणी चुकत होती. मेस्त्री म्हणाले, "साहेब, हा आकडा चोराचं नाव सांगत नाही. चोरी कुठल्या गल्लीत झाली, तेवढंच सांगतो."

हे वाक्य ऐकून मला आमच्या शाखेतले एक रोखपाल आठवले. एका संध्याकाळी त्यांच्या काउंटरवर दोन हजार रुपये कमी भरले. फरक त्यांच्या काउंटरवर, म्हणजे चूक त्यांची. त्यांनी त्याच दिवशी खिशातून भरणा केला; दुसऱ्या दिवशी 'निष्काळजीपणा'चा मेमो हातात पडला. आठवड्याने नोटा मोजायच्या यंत्राचा माणूस आला. तीच गड्डी त्या यंत्रात एकदा अठ्ठ्याण्णव भरे, एकदा शंभर. त्याने झाकण उघडले, सेन्सरवर बसलेली नोटांची धूळ ब्रशने झटकली, आणि यंत्र सुतासारखे सरळ झाले. यंत्राला ब्रश, माणसाला मेमो! मेमो मागे घेतला गेला नाही; तसा फॉर्म आमच्या स्टेशनरीत नाही.

हिशेबात फरक सापडला आणि त्याचे कारण कळेना, तर ती रक्कम उचंत खात्यात टाकायची असते. 'अजून कळले नाही' असे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची ती जागा. चिखलातली पेटी आपल्या दिव्याने तेवढेच करते. त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणारेही आहेत आणि त्याचा बल्ब काढणारेही. म्हणून जुनी गाडी घ्यायला निघालेल्या कर्जदाराला मी हल्ली काउंटरवरूनच सांगतो, "किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागतात ना, ते आधी बघा. जो लागतच नाही, त्याची चौकशी करा."

ते रोखपाल पुढे निवृत्त झाले. नोटांच्या यंत्राशेजारी आता एक छोटा ब्रश दोरीने बांधलेला असतो. बँकेने दिलेला नव्हे. जाण्यापूर्वी त्यांनीच स्वतःच्या पैशाने आणून ठेवलेला.