शैवालांपासून अब्जांश कण : संशोधनाचा इतिहास आणि वसई-विरारचा किनारा

प्रस्तावना : एक ते शंभर नॅनोमीटर आकाराचे धातुकण, म्हणजेच अब्जांश कण, रोगनिदान व जलशुद्धीकरणात उपयुक्त ठरले आहेत. रासायनिक पद्धतीत त्यांच्या निर्मितीसाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र क्षपणकारके वापरली जातात. त्याऐवजी हे कार्य सजीवांकडून करून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास वसई-विरारसारख्या किनारी प्रदेशाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऐतिहासिक आढावा : मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या माणिकरंगी द्रावणाचे विवेचन केले. 'क्लोरेला व्हल्गॅरिस' हे हिरवे शैवाल द्रावणातील सोन्याच्या संयुगाचे शुद्ध सोन्यात रूपांतर करते, हे १९८६ मध्ये नोंदविले गेले. महाराष्ट्रात या संशोधनाला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने गती दिली. डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००१ मध्ये बुरशीच्या साहाय्याने चांदीचे, तर २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळविले. पुढे २००७ मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी 'सरगॅसम' या तपकिरी समुद्रशैवालापासून सोन्याचे ८ ते १२ नॅनोमीटरचे कण तयार केले. शैवालांतील बहुशर्करा, प्रथिने इत्यादी घटक धातूच्या आयनांचे क्षपण करतात. तसेच कणांवर आवरण चढवून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत.

स्थानिक संदर्भ : सरगॅसम खडकांना चिकटून वाढते. वसई-विरारचा किनारा मात्र बहुतांशी वाळूचा व खाडीकाठी चिखलाचा आहे. त्यामुळे तमिळनाडूच्या प्रयोगाचे येथे केवळ अनुकरण करता येणार नाही. मिठागरांतील अतिखारट पाण्यात तग धरणारी 'ड्युनालिएला'सारखी सूक्ष्मशैवाले टाक्यांत वाढविणे हा येथील परिस्थितीस अधिक अनुरूप मार्ग होय. त्यासाठी निसर्गातील शैवाल ओरबाडावे लागत नाही.

तथापि, शैवाल वापरले म्हणून प्रक्रिया आपोआप शाश्वत ठरत नाही. धातूचे क्षार खाणीतील धातूपासूनच येतात. शिवाय चांदीचे कण जलचरांना, किंबहुना शैवालांनाही, विषारी ठरू शकतात. असे सांडपाणी खाडीत गेले, तर माशांच्या अन्नसाखळीच्या मुळावरच आघात होईल आणि त्याची झळ अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथील कोळी समाजास बसेल.

समारोप : या संशोधनाच्या इतिहासात कणांचा आकार व निर्मितीचा वेग यांची नोंद काटेकोरपणे झाली आहे. उरलेल्या पाण्याचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवला गेला, तरच 'हरित' हे विशेषण सार्थ ठरेल. किनारी भागातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे, असे हे कार्य आहे.