सह्याद्रीचा पाऊस, परळचे माग

परळ-लालबागच्या चाळींत गिरणीचा भोंगा सगळ्यांनाच ऐकू यायचा. त्यामागचा लोणावळ्याचा पाऊस मात्र कुणाच्या ध्यानात नसे. कोळशाच्या धुरात काळवंडलेल्या या गिरण्या घाटातल्या पाण्यावर चालवायच्या, हे स्वप्न जमशेटजी टाटांचं. ते १९०४ मध्ये गेले, त्यांच्या स्वप्नातली वीज कंपनी उभी राहिली १९१० मध्ये.

वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांत पावसाळा साठवायचा, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचा आणि चाकं फिरवून वीज करायची. १९१५ पासून ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत आली. वापरलेलं पाणी पुढे पाताळगंगेत; म्हणजे डोंगराने एकाच पावसावर दोनदा दिलं.

दुसरी बाजू मुळशीत दिसली. टाटांच्या नव्या धरणात भातखाचरं बुडणार म्हणून १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्यांचे पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. बुडालेल्या खोऱ्याची किंमत विजेच्या बिलात कधी दिसली नाही.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा सविस्तर आढावा घेणारी माधव गाडगीळ समिती नेमली गेली ती थेट २०१० मध्ये. अहवाल पुढच्या वर्षी आला. तोवर परळचे बहुतेक माग थांबले होते. खोपोलीची चाकं फिरतच होती.