सोन्याच्या वाटेवर चाकांवरचे घर

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी दक्षिणोत्तर जाणारा एक राज्य महामार्ग आहे, क्रमांक ४९. दक्षिणेस ओकहर्स्टपासून उत्तरेस विंटनपर्यंत त्याची लांबी सुमारे ४७५ किलोमीटर. क्रमांक सहज पडलेला नाही. १८४९ मध्ये सोन्याच्या आशेने जगभरातून येथे लोटलेल्या माणसांना ‘फोर्टी-नाइनर्स’ म्हणत. त्यांच्या नावे हा रस्ता. मुलांकडे बे एरियात गेलेली मराठी जोडपी योसेमिटी आणि लास व्हेगास पाहून परततात. त्यांच्या वाटेवरून थोडासा बाजूला असलेला हा मुलूख मात्र बहुधा राहून जातो. तो पाहण्यासाठी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, हे साधन उत्तम. मात्र दोघांनी मिळून त्याची सवय करून घ्यावी लागते.

मोटारहोममध्ये शेगडी, शीतकपाट, पलंग, न्हाणीघर सारे असते. त्याबरोबर तीन टाक्याही असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. शेवटच्या दोन ठरावीक ठिकाणीच रिकाम्या कराव्या लागतात. हे काम कोण करणार, ते निघण्यापूर्वीच ठरलेले बरे. वीज-पाण्याची जोडणी असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची मुक्कामस्थळे या वाटेवर आहेत. दोघांच्या प्रवासाला पंचवीस फुटांच्या आसपासची गाडी पुरते. त्याहून लांब गाडीचा मोह टाळावा, कारण वळणे अवघड आहेत. बेअर व्हॅली आणि कूल्टरव्हिल यांच्या दरम्यान रस्ता मर्सेड नदीच्या दरीत उतरतो आणि पुन्हा चढतो. तेथे चालकाने समोर पाहावे आणि देखाव्याचे वर्णन शेजारच्याने करावे, हेच इष्ट.

उत्तरेकडे जाताना सोनोराजवळचे कोलंबिया लागते. १८५० मध्ये वसलेल्या या गावाचा जुना बाजार १९४५ पासून ऐतिहासिक उद्यान म्हणून जपला आहे. मुख्य रस्त्यावर मोटारींना मज्जाव असून घोडागाडी चालते. सारे थोडे नाटकाच्या नेपथ्यासारखे वाटते, पण विटांच्या इमारती खऱ्या आहेत. पुढे मुख्य रस्ता किंचित सोडून फिडलटाउनला गेल्यास कुटलेल्या मातीच्या भिंतींचे एक चिनी औषधांचे दुकान पाहायला मिळते. ते संग्रहालयापेक्षा अधिक बोलके आहे. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलर कर बसविण्यात आला होता, हे अशा ठिकाणी आठवावे.

या वाटेचे मर्मस्थान म्हणजे कोलोमा. अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेवर जॉन सटर याच्यासाठी लाकूड कापण्याची गिरणी उभारताना, २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला पाटात पिवळे कण दिसले. ते सोनेच का, हे ठरविण्यात एका स्वयंपाकिणीचा वाटा आहे. मार्शलचा सहकारी पीटर विमर याची पत्नी जेनी कामगारांचे जेवण रांधीत असे. साबणाच्या कढईतील क्षारात तिने तो गोळा उकळला. तो काळा न पडता लखलखीत निघाला. ‘विमर नगेट’ म्हणून ओळखला जाणारा हा गोळा बर्कलेच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे; पहिल्या सोन्याचा मान सांगणारा आणखी एक कण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. मार्शल आणि सटर यांना सोन्याने फारसे काही दिले नाही. मार्शल १८८५ मध्ये विपन्नावस्थेत वारला. पाच वर्षांनी त्याच्या थडग्यावर पुतळा उभा राहिला.

कोलोमाला नदीत पॅन बुडवून सोने शोधण्याची हौस भागविता येते. आपल्या सराफ बाजारातील गटारांची माती धुणाऱ्या झारेकऱ्यांचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही. हलके वाहून जाते, जड तळाशी उरते.

कोलोमा हे नावच तेथील निसेनान लोकांच्या वस्तीचे. सोने सापडले तेव्हा कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूलनिवासी होते. १८७० पर्यंत ते ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली ही त्याची कारणे. २०१९ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली.

नद्यांतले वरवरचे सोने संपल्यावर डोंगर फोडणे सुरू झाले. नेवाडा सिटीच्या ईशान्येस, महामार्गापासून आत, मॅलाकॉफ डिगिन्स येथे तोफेसारख्या नळ्यांतून पाण्याचे प्रचंड झोत सोडून टेकड्या वितळविल्या गेल्या. राहिली आहे ती सुमारे दोन किलोमीटर लांब, रंगीत कड्यांची खाई. दिसायला ती विलक्षण सुंदर आहे, हीच तिची पंचाईत. तिच्यातून निघालेल्या गाळाने नद्यांची पात्रे उंचावली, खालच्या शेतांत पूर शिरले आणि शेतकरी न्यायालयात गेले. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा मात्र अजून गाळात आहे. या भागातील अनेक जलाशयांतील मासे किती खावेत, याच्या सूचना त्यामुळेच दिल्या जातात. मुक्कामी मासे पकडण्याचा बेत असेल तर त्या आधी वाचाव्यात.

ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण १८५० ते १९५६ अशी चालली. तिच्या बोगद्यांची एकूण लांबी सुमारे ५९० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-गोवा अंतर. निघालेले सोने ५८ लाख औंस. येथे खणणारे बहुतेक इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे. त्याच कॉर्नवॉलचे खाणकामगार आपल्या कोलारलाही उतरले होते. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. ग्रास व्हॅलीजवळची जुनी आयडाहो-मेरिलँड खाण पुन्हा उघडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विहिरींचे पाणी आणि वाहतुकीच्या चिंतेने स्थानिकांनी विरोध केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउंटीच्या मंडळाने तो फेटाळला. पर्यटकाला जो केवळ इतिहास वाटतो, तो तेथील रहिवाशांच्या दृष्टीने अजून चालू प्रश्न आहे.

डाउनीव्हिलनंतर रस्ता युबा नदीच्या काठाने चढत सुमारे दोन हजार मीटर उंचीच्या युबा खिंडीत जातो. हिवाळ्यात तेथे बर्फ असते, उन्हाळ्याच्या अखेरीस वणव्यांची धास्ती. मार्च ते मे या काळात दक्षिणेकडील टेकड्या हिरव्या असतात. खिंड ओलांडायची तर जून उजाडू द्यावा. नदीकाठच्या वनखात्याच्या तळांवर विजेची जोडणी नसते. तेव्हा ग्रास व्हॅली सोडण्यापूर्वी पाणी भरून, टाक्या रिकाम्या करून आणि गॅस तपासून पुढे निघावे.