बाशिंगबळ

वाचकहो, 'बाशिंगबळ' हा शब्द आपल्या घरात शेवटचा कधी ऐकलात, आठवून पाहा. मुलाचे लग्न लांबले की आजी म्हणे, याचे बाशिंगबळ जड आहे. तो शब्द उरला, उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधणारी म्हणही उरली. खुद्द बाशिंग मात्र खडोली-सिल्वासातल्या आपल्या बहुतेक मांडवांतून निघून गेले.

बाशिंग हा वर-वधूच्या कपाळावर बांधायचा मुकुटासारखा साज. तळ्यात उगवणाऱ्या भेंडाचा पांढरा, हलका गाभा धारदार सुरीने पातळ कापायचा, त्याच्या पाकळ्या करायच्या, त्या जाड कागदावर खळीने चिकटवायच्या, वर बेगड आणि मणी. मोल सामानाचे नव्हते, हाताचे होते. आम्हा जैनांच्या घरी रेशमी पितांबरावर वाद झालेले मी ऐकले आहेत. भेंडावर कोणी वाद घातला नाही.

कानडीत याला बासिंग म्हणतात, तेलुगूत बासिकम. म्हणजे हा साज सगळ्या दख्खनचा. इथे आपल्या शेजारचा गुजराती वर खूंप नाहीतर साफा बांधतो. सिल्वासात एकाच दिवशी दोन वराती समोरासमोर आल्या, तर कोण कुठला हे कपाळावरून कळावे!

बाशिंगे करणाऱ्यांत जिनगर मंडळी ठळक. जीन म्हणजे खोगीर. ते करणारे म्हणून जिनगर. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, मराठ्यांचे घोडदळ गेले. खोगिराची मागणी आटल्यावर हा कसबी हात कातडे, धातू, कागद, रंग अशा कितीतरी कामांकडे वळला. त्यांनी केलेले बाशिंग गावच्या लग्नात नवरदेवाच्या कपाळी चढे.

मग बाशिंग गेले आणि मुंडावळ्या कशा टिकल्या? माझे मत सांगतो. मुंडावळ्या घरच्या बायकांना ओवता येत. पूर्वी फुलांच्या, मग मोत्यांच्या. दोरा आणि सुई असली की काम भागे. बाशिंगाला गावातला करणारा लागे. आपली घराणी नोकरी-धंद्यासाठी गाव सोडून निघाली तेव्हा मुंडावळ्या ट्रंकेतून आल्या, करणारा मागे राहिला. नगर हवेली 1783 मध्ये मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली, 2 ऑगस्ट 1954 रोजी मुक्त झाली आणि 1961 मध्ये भारतात विलीन झाली. मुक्तीनंतर आणि पुढे कारखान्यांबरोबर जी कुटुंबे इथे आली, त्यांच्या बहुतेकांच्या सामानात बाशिंग नव्हते.

पगडीचे नशीब वेगळे. ती साच्यावर बांधून, शिवून पक्की करतात, म्हणून पेटीत घालून कुठेही नेता येते. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फेटा मुळात सात-आठ मीटरचे कापड. ज्याच्या त्याच्या डोक्यावर बांधायचा. आता तोही शिवून तयार मिळतो. घट्ट तयार फेट्याने कपाळ ठणकणारे आणि चमकी लावलेल्या स्वस्त मुंडावळ्यांनी पुरळ उठलेले नवरदेव माझ्या दवाखान्यात आले आहेत. औषध दिले, पण दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच: माप कोणाचे, डोके कोणाचे!

याच परिसरातल्या वारली घरांकडे पाहा. लग्नाचा चौक तिथे सवाशिणी तांदळाच्या पिठाने घरच्या भिंतीवर लिहितात, मध्ये पालघट देवी. आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. करणारी माणसे मांडवातच असतात. आपल्या मांडवात करणारा यायचा तर त्याला मुद्दाम शोधावे लागेल. भेंडाऐवजी थर्माकोलचे बाशिंग दुकानात सहज मिळते. तेवढ्यावर भागवू नका. सातारा-सांगलीकडे अजून आपली भाऊबंदकी आहे. पुढच्या लग्नाची पत्रिका धाडाल तेव्हा तिकडच्या काकांना एवढेच विचारा: आपल्या गावात बाशिंग कोण करीत असे, आणि त्या घरात आज कोणाला येते?